जुन्या फॅक्टरी फायर अलार्मचा नाद: कोकणात राहून सुरुवात करायची तर कशी करायची

गिरणीचा भोंगा, बीडाची म्हणजे ओतीव लोखंडाची लाल डबी, काच फोडून दाबायचं बटण, ताटलीएवढी घंटा, असल्या जुन्या फायर अलार्मच्या वस्तू जमवणारे आपल्याकडे थोडेच आहेत पण वाढतायत, आणि नवीन माणूस भेटला की हमखास तीन प्रश्न येतात: मिळतं कुठे, खरं कसं ओळखायचं आणि चालू करून बघू का. यातला तिसरा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि वस्तूची वाट तिथेच लागते. वस्तू घरी आली की आधी वाचायची, मग पुसायची, वीज सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने आहे, फक्त सुरुवातीला ओळख आणि शोधाशोध.

नक्की काय शोधताय ते ठरवा

सगळ्यात साधा अलार्म म्हणजे झाडाला नाहीतर शेडच्या तुळईला टांगलेला रुळाचा तुकडा आणि बाजूला हातोडा. हसू नका, कित्येक फॅक्टरीत इलेक्ट्रिक घंटा आल्यावरही तो तसाच ठेवलेला असायचा कारण लाईट गेली तरी तो वाजतो. त्यानंतर हाताने फिरवायची घंटा, हँडल मारायचा सायरन, मग इलेक्ट्रिक घंटा, मोटरचा सायरन, काच फोडायची डबी ज्याला सगळे ब्रेक ग्लास म्हणतात, आणि गेटच्या केबिनमधलं इंडिकेटर पॅनल, ज्यात कुठल्या खात्यात आग आहे ते बारका पत्रा पडून किंवा दिवा लागून कळायचं.

यात एक वस्तू लोकांना माहीतच नसते ती म्हणजे वॉटर मोटर गाँग. गिरणीत छताला स्प्रिंकलर असायचे, एखादा फुटला की मेन लाईनमधून पाणी धावायला लागतं, तिथल्या व्हॉल्व्हमधून एक बारीक पाईप भिंतीबाहेर काढलेला असतो, त्या पाण्याने छोटं चाक फिरतं आणि चाकाला जोडलेला ठोका बाहेरच्या घंटेवर पडत राहतो. वीज नाही, बॅटरी नाही, काही नाही. लाल रंगाची मोठी गोल घंटा आणि पाठीमागे पाईपचे आटे दिसले तर ती हीच, भंगारवाला तिला शाळेची घंटा म्हणून विकत असेल तर गप्प बसून घ्या.

कुठे मिळतं

आपल्या बाजूला मोठ्या गिरण्या नव्हत्या, पण गिरणगाव उभं राहिलं ते बरंचसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गेलेल्या चाकरमान्यांवर, त्यामुळे गिरणीच्या वस्तू कोकणातल्या घरात सापडतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मशिनरी भंगारात गेली आणि कुणी आठवण म्हणून एखादी घंटा किंवा पितळी पाटी गावी आणून माळ्यावर टाकली. मे महिन्यात नाहीतर गणपतीत लोक गावी असतात तेव्हा नुसतं विचारून ठेवा. "ह्या घेवन काय करतलास?" असं ऐकावं लागतं, चालतं.

दुसरी जागा एमआयडीसी. लोटे, महाड, रोहा इथल्या केमिकल कंपन्यांत जुनी पॅनल काढून नवीन ॲड्रेसेबल सिस्टीम (नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते दाखवणारी) बसवतात तेव्हा जुना माल लॉटमध्ये भंगारवाल्याकडे जातो. थेट कंपनीकडून घेताय तर गेटपास आणि बिल पाहिजेच, सिक्युरिटीवाल्याशी ओळख आहे म्हणून डबी खिशात घालून आणायची नाही. आणि भिंतीवर चालू असलेल्या अलार्मकडे तर बघायचंही नाही, तो कितीही जुना असला तरी तिथल्या माणसांचा जीव त्याच्यावर आहे. सरकारी कंपन्यांचं भंगार बरंचसं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाईन लिलावात निघतं, पण तिथे एक घंटा मिळत नाही, टनावारी लॉट असतो, म्हणून ज्याने लॉट घेतला त्यालाच गाठायचं.

तिसरी जागा म्हणजे जहाजाचा माल. मुंबईत रे रोडजवळ दारूखान्यात जहाजं तोडायचे, तिथला माल किनाऱ्याने खाली येत राहिला. जहाजावरच्या अलार्म घंटा गनमेटलच्या, जाड, खाऱ्या हवेत टिकायला बनवलेल्या असतात. नशीब असेल तर वॉल्टर किडे कंपनीच्या स्मोक डिटेक्टर कपाटाचा एखादा भाग दिसेल. जहाजाच्या प्रत्येक खणातून एक पाईप वर ब्रिजपर्यंत यायचा, पंखा हवा ओढायचा आणि कपाटातल्या उजेडात धूर दिसला की कुठल्या खणात आग आहे ते कळायचं, मग त्याच पाईपातून खाली कार्बन डायऑक्साईड सोडायचा. डोकं बघा काय लावलंय.

चोर बाजार आहेच पण तिथे भाव माहीत असलेली माणसं बसलीत. आणि गोव्याच्या वाटेवरच्या किंवा रिसॉर्टमधल्या 'अँटिक' दुकानातल्या चकचकीत पितळी घंटा शक्यतो सोडा, बहुतेक माल मुरादाबाद नाहीतर रुरकीकडचा नवा असतो. टायटॅनिक आणि १९१२ असं कोरलंय म्हणजे तर विषयच संपला.

भंगारवाल्याला भाव विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवा, तो किलोवर तोलतो, बीड एका भावाने आणि पितळ दुसऱ्या, त्यामुळे पितळी पाटी आणि टर्मिनल तो आधी उपटून वेगळे करतो. त्याला आधीच सांगून ठेवायचं की बाबा उपटू नको, अख्खं ठेव, मी किलोपेक्षा जास्त देतो. अख्ख्या वस्तूची अर्धी किंमत त्या पाटीत असते.

पाटी वाचा, स्क्रू वाचा

वस्तू आणली. आता काही घासू नका. मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आतून पण, आणि पाटीवर टॉर्च आडवी धरून फोटो काढा म्हणजे पुसट अक्षरं उठून दिसतात.

कंपनीचं नाव तर वाचालच, पण पत्ता जास्त बोलतो. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला. म्हणजे पाटीवर नुसतं 'बॉम्बे १०' असं असेल तर वस्तू बहुतेक त्याच्या आधीची, आणि 'बॉम्बे ४०० ०१०' असेल तर नंतरची. मुंबई असं असेल तर १९९५ नंतरची, म्हणजे आपल्या हिशोबात कालची. आयएसआयचा शिक्का असेल तर १९५५ नंतरची कारण शिक्का द्यायची पद्धत तेव्हापासून आहे, शिक्क्याच्या वर आयएस नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, दोन्ही लिहून ठेवा. १९८७ ला आयएसआयचं बीआयएस झालं तरी शिक्का तोच राहिला, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून फार उड्या मारू नका.

मापं बघा. फायर एक्स्टिंग्विशरवर '२ गॅलन' लिहिलंय तर मेट्रिकच्या आधीचा किंवा विलायती, '९ लिटर' लिहिलंय तर नंतरचा. वस्तू तीच, आकार जवळपास तोच, फक्त आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर पुढच्या काही वर्षांत पौंड-गॅलन गेले आणि किलो-लिटर आले.

मग स्क्रू. विलायती जुन्या मालात बारीक स्क्रू बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशन या जुन्या इंग्लिश मापाच्या आट्याचे असतात. २ बीएचा व्यास ४.७ मिमी असतो, तिथे हार्डवेअरच्या दुकानातला एम५ पिळून घुसवला की आटे गेलेच म्हणून समजा, आणि बऱ्याच वस्तूंत कुणीतरी आधीच घुसवलेला असतो. ० बीए मात्र ६ मिमीचा आणि १ मिमी पिचचा, म्हणून एम६ त्यात बऱ्यापैकी बसतो. डोक्यावर एकच आडवी खाच असेल तर बरं, फुलीवाला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे आणि आपल्याकडे सर्रास यायला त्याला बराच वेळ लागला, म्हणून शंभर वर्षं जुनी म्हणून विकत असलेल्या घंटेला चार फुलीवाले चकचकीत स्क्रू असतील तर काय ते समजा.

बॉडी कशाची आहे? बीड म्हणजे जुनी. काळी किंवा चॉकलेटी बेकलाईट असेल तर १९०७ च्या आधीची असणं शक्यच नाही कारण बेकलँडने ते तेव्हा बनवलं, आणि स्विचगियरमध्ये, म्हणजे विजेच्या स्विच-फ्यूजच्या सामानात, त्याचा जोर नंतरच्या दशकांत. त्यानंतर डायकास्ट ॲल्युमिनियम, मग प्लॅस्टिक. रंगाचे थर पण मोजा, कोपऱ्यात एखाद्या टवक्यात लाल, त्याखाली करडा, त्याखाली हिरवा असं दिसतं आणि कधी आतल्या थरावर खात्याचं नाव किंवा नंबर रंगवलेला निघतो.

स्प्रिंकलर हेड मिळाला तर सोपं, त्याच्या अंगावर तपमान आणि बहुतेक वेळा बनवल्याचं सालच ठोकलेलं असतं. काचेच्या नळीतल्या रंगावरून पण कळतं, नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. बॉयलरजवळ हिरवे-निळे आणि गोडाऊनमध्ये लाल, म्हणजे हेड कुठल्या खात्यातला असेल त्याचा अंदाज बांधता येतो.

नावामागची कंपनी

इथे थोडा इतिहास लागतोच, नाहीतर पाटी वाचून उपयोग नाही.

अमेरिकेत बॉस्टनला १८५२ साली चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी तारेवरून आगीचा इशारा द्यायची पहिली शहरी सिस्टीम चालू केली. पुढे जॉन गेमवेल नावाच्या माणसाने हक्क विकत घेतले आणि गेमवेल कंपनीचं नाव असं झालं की तिकडचे कलेक्टर आजही मूठभर विजा धरलेल्या हाताचं तिचं चिन्ह बघून वेडे होतात. तिच्या डबीत घड्याळासारखं चावीचं मशीन असतं आणि एक खाचा पाडलेलं चाक, हँडल ओढलं की चाक फिरतं, खाचांप्रमाणे सर्किट तुटतं-जुळतं आणि तिकडे स्टेशनात डबीच्या नंबराइतके ठोके पडतात. ओहायोमधल्या शेल्बी गावच्या ऑटोकॉलने असलाच कोडचा प्रकार फॅक्टऱ्यांच्या आत नेला. हा माल आपल्याकडे क्वचितच येतो, आला तर जहाजातून नाहीतर कुणी परदेशातून आणलेला. नुसती डबी असेल आणि आत कोडचं चाक नसेल तर ते खोकं आहे एवढं धरून भाव करा.

आपल्याकडे जास्त सापडतो तो इंग्लंडचा माल. लेस्टरची जेंट कंपनी १८७२ सालची, फॅरेडे वर्क्स नावाच्या कारखान्यात घड्याळं, घंटा, सायरन सगळं बनवायची आणि तिच्या घंटांवर 'टँजंट' नाव असतं. बीडाचं जड घर, पाऊस आत जाऊ नये म्हणून पॅकिंग, आणि पुढे वाटीसारखी घंटा, ही घंटा पन्नास पावसाळे काढून वाजते हे खोटं वाटेल पण वाजते.

दुसरं नाव मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅटचं. पार्मेलीने अमेरिकेत पियानोच्या कारखान्यासाठी १८७४ ला स्प्रिंकलर केला, ग्रिनेलने १८८० च्या सुमारास तो सुधारला, आणि १८८३ ला मॅथर अँड प्लॅटने अमेरिकेबाहेरचे हक्क घेतले. का घेतले ते बघा. मँचेस्टरच्या आजूबाजूला सगळ्या कापसाच्या गिरण्या, ब्लोरूममध्ये कापूस पिंजताना खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की ठिणगी, आणि हवेत उडणारा तंतू म्हणजे आगीला आमंत्रण, त्यात तेलाने माखलेली लाकडी जमीन. विमा कंपन्या जेरीस आल्या, मग त्यांनीच सांगितलं की स्प्रिंकलर लावा, हप्ता कमी करतो. फायर अलार्मचा धंदा वाढला त्यात माणसांच्या काळजीइतकाच या हप्त्याचा वाटा आहे, हे माझं मत, पटलं तर घ्या. मुंबईच्या गिरण्यांची मशिनरी लँकेशायरची, इंजिनियर तिकडचे, विम्याचे नियम तिकडचे, त्यामुळे ग्रिनेलचे हेड आणि वॉटर गाँग पण तिकडूनच आले. पुढे याच कंपनीचा कारखाना चिंचवडला झाला, म्हणून मॅथर अँड प्लॅटची पाटी दिसली की गावाचं नाव नीट वाचा, मँचेस्टर की पुणे.

आगीची विजेवर आपोआप वाजणारी घंटा मात्र एडिसनच्या हाताखालच्या अप्टनच्या नावावर आहे, पेटंट १८९० चं. आणि धुराचा आयोनायझेशन डिटेक्टर स्विस, सर्बेरस कंपनीचा, ती १९४१ ला सुरू झाली. त्याचं पुढे येतंच.

हात लावायचा नाही अशा गोष्टी

आयोनायझेशन डिटेक्टर जुना असेल तर आत किरणोत्सारी पदार्थ असतो, सुरुवातीच्या काळात रेडियम, नंतर अमेरिशियम-२४१. बंद आहे तोवर ठीक, पण उघडायचा नाही, घासायचा नाही, जाळायचा नाही आणि संग्रहासाठी तर घ्यायचाच नाही. या सामानावर एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम आहेत, कंपनीनेच त्याची सोय लावायची असते. त्याच्यावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह असतं, पण झिजून गेलेलंही असू शकतं, म्हणून शंका आली की सोडा.

पायरीन कंपनीचा पितळी पंपवाला छोटा एक्स्टिंग्विशर देखणा दिसतो, सगळ्यांना हवा असतो. आत द्रव हलताना ऐकू आला तर तो कार्बन टेट्राक्लोराईड असण्याची शक्यता जास्त, लिव्हरला घातक आणि तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. रिकामाच घ्या. सोडा-ॲसिडच्या जुन्या लाल शंकूत सल्फ्युरिक ॲसिडची बाटली असू शकते, उलटा करायचा नाही. जुन्या पॅनलमध्ये सेलेनियम रेक्टिफायर असतो, पत्र्याच्या चकत्यांची माळ ओवल्यासारखा दिसतो, तो जळला की जो वास येतो तो विषारी आहे, खोलीबाहेर पळा. आणि जुना रंग कोरडा घासू नका, शिसं असतं त्यात.

साफसफाई आणि आपली खारी हवा

घाटावरच्या माणसाने लिहिलेली साफसफाई इथे चालत नाही. आपल्याकडे समुद्रापासून दोन-चार किलोमीटर आत असलं तरी लोखंडावर मीठ बसतं, आणि मीठ तसंच ठेवून वर रंग मारला तर रंगाखालून गंज फुटतो, दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. म्हणून इलेक्ट्रिकचा भाग काढून घेतल्यावर बीडाची रिकामी बॉडी गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची आणि लगेच कोरडी करायची. किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुवून काय उपयोग, शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या.

जाड गंज काढायला धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून बॅटरी चार्जर लावायची पद्धत बीडाला आणि लोखंडाला छान लागू पडते, वस्तूला मायनस, बाजूला उभ्या केलेल्या सळीला प्लस. सळी साधी लोखंडी घ्या, स्टेनलेस अजिबात नको कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बाहेर अंगणात करा, बुडबुडे हायड्रोजनचे असतात, बाजूला विडी-काडी नको. पितळ आणि ॲल्युमिनियम या टबात घालायचं नाही.

पितळेच्या पाटीचं मात्र ऐका. आपल्या घरात तांब्या-पितळेला आमसुलाचं पाणी नाहीतर चिंच आणि राख लावायची सवय आहे आणि आई-आजी प्रेमाने तुमची पाटी पण घासून देतील, तेवढं होऊ देऊ नका. उथळ अक्षरं आणि त्यातला काळा भरलेला रंग एका घासण्यात जातो, मग पत्ता गेला, साल गेलं, कंपनी गेली. मऊ ब्रशने धूळ, मऊ फडक्याने थोडं रॉकेल, वर मेणाचं पॉलिश, बास. गंजलेलं आणि वाचता येणारं हे चकचकीत आणि कोरं यापेक्षा कधीही भारी.

पावसाळ्यात समुद्राकडच्या भिंतीवर काही टांगू नका. जुन्या वायरीला कापसाचं वेष्टण असतं, त्याला जुलैत बुरशी धरते, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि श्रावणात ऊन पडलं की एकदा उघडून बघा. पुराचा पट्टा असेल, चिपळूण-महाडसारखा, तर पॅनल खालच्या मजल्यावर ठेवायचाच नाही, जुलै २०२१ नंतर हे कुणाला सांगायला नको.

आता वीज

आधी मल्टिमीटर. घंटेच्या दोन्ही कॉइल एकमेकींसारख्या रेझिस्टन्सच्या निघाल्या पाहिजेत, एक उघडी दाखवली तर तिथे तार तुटलीय, बहुतेक सोल्डरच्या टोकाशी. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर), कॉइल आणि बॉडीमध्ये. रीडिंग कमी आलं म्हणजे कॉइल गेली असं नाही, ओल असते. लाकडी खोक्यात ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नाही) लावून दोन दिवस ठेवा, परत मोजा, बऱ्याचदा चढते.

घंटेचं तत्त्व साधं आहे, कॉइलने ठोका ओढला की त्याच हालचालीत कॉन्टॅक्ट सुटतो, करंट जातो, स्प्रिंग मागे आणते, परत कॉन्टॅक्ट. म्हणून वाजत नसेल तर नव्वद टक्के वेळा कॉन्टॅक्टवर काजळी असते. तो पॉलिश पेपरने घासू नका, कडक कार्डाचा तुकडा मध्ये धरून ओढा. पाटीवर व्होल्टेज वाचा, एसी की डीसी तेही वाचा. ६ किंवा १२ व्होल्ट डीसीची असेल तर बाईकच्या बॅटरीवर लावा. २३० ची असेल तर थेट प्लगमध्ये कधीच नाही, १०० वॅटच्या तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड (म्हणजे करंट बल्बमधून जाऊनच घंटेत येतो), बॉडीला अर्थिंग, आणि बल्ब पूर्ण पेटला तर लगेच बंद. हे कधी केलं नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, त्यालाही मजा येते.

सायरनचं वेगळं आहे. आत खाचांचा ड्रम फिरतो, बाहेर खाचांचं घर, हवा तुटत-तुटत बाहेर पडते आणि त्याचाच सूर होतो. मिनिटाला २८५० फेरे आणि १० खाचा असतील तर सेकंदाला ४७५ कंपनं, १२ खाचा असतील तर ५७०, आणि युद्धकाळातल्या इंग्लिश सायरनमध्ये हे दोन्ही एकत्र असायचे म्हणून तो रडल्यासारखा वाजतो. ड्रम आधी हाताने फिरवा, घासला तर बेअरिंग बघा, गांधीलमाशीचं घर बघा, हे खरंच असतं. कार्बन ब्रश झिजलेत का बघा. आणि घरात किंवा वाडीत पूर्ण जोरात वाजवू नका. कानाचं सोडा, पावसात वाशिष्ठीच्या काठावर भोंगा ऐकला तर लोक सामान माळ्यावर चढवायला घेतील आणि मग तुमची आरती ओवाळतील. मोजून दोन सेकंद, उन्हाळ्यात, शेजाऱ्यांना सांगून.

ब्रेक ग्लासची काच फुटलेली असेल तर फोटोफ्रेमवाल्याकडून पातळ काच त्या मापाची कापून घ्या. काही डब्यांत काचच बटण आत दाबून धरते आणि फुटली की स्प्रिंगने बटण बाहेर येतं, काहींत काच नुसती झाकण असते आणि आत बोटाने दाबायचं असतं. पहिल्या प्रकारात काच जाड पडली की झाकण लागत नाही, पातळ पडली की अलार्म वाजत राहतो, म्हणून जुना तुकडा असेल तर तोच घेऊन दुकानात जा.

नोंद आणि माणसं

एक वही करा. वस्तू, पाटीवरचा सगळा मजकूर जसाच्या तसा, कुणाकडून, कुठल्या कंपनीतल्या कुठल्या खात्यातली, आणलं तेव्हाची अवस्था, काय बदललं. काढलेला प्रत्येक स्क्रू पाकिटात घालून त्यावर नंबर. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी कलेक्टरशी अदलाबदल ठरवण्याआधी साल तपासा.

माणसं गाठायची तर एप्रिलमध्ये. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात होता, ६६ अग्निशामक जवान गेले, म्हणून त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह असतो. फायर स्टेशनवर आणि कंपन्यांत डेमो ठेवतात, रिटायर झालेले फायरमन आणि फोरमन त्यानिमित्ताने येतात. फोटो घेऊन जा आणि दाखवा. जुना इलेक्ट्रिशियन फोटो बघून सांगतो की ही घंटा बॉयलरच्या मागे होती आणि हिचा आवाज गेटपर्यंत जायचा नाही म्हणून दुसरी लावली. फोनवर रेकॉर्ड करा, विचारून, आणि वहीत त्या वस्तूच्याच पानावर लिहा.